काळा पडलेला दात, थांबलेली कीड

चार वर्षांच्या मुलाला घेऊन आपण दंतवैद्याकडे गेला आहात असे समजा. वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात हिरडीलगत तपकिरी झाले आहेत, मागच्या एका दाढेत खड्डा पडला आहे. मूल खुर्चीवर बसायला तयार नाही. यंत्राचा आवाज कानी पडताच ते आईला घट्ट बिलगते. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "दोन मार्ग आहेत. मुलाला पूर्ण भूल देऊन सगळे दात एकाच बैठकीत दुरुस्त करता येतील. किंवा आजच, एका थेंबाने ही कीड थांबवण्याचा प्रयत्न करता येईल. सुई नाही, यंत्र नाही. मात्र किडलेला भाग काळा होईल, आणि तो काळाच राहील."

मुलांच्या दातांवर उपचार करताना हा क्षण माझ्यासमोर वारंवार येतो. आईवडील एकमेकांकडे पाहतात. सोबत आजी असेल तर ती बहुधा आधी बोलते: "काळे दात घेऊन पोर शाळेत जाईल का?" हा प्रश्न मी कधीच क्षुल्लक मानत नाही. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी तो काळेपणा येतो कोठून, हे समजून घेणे आवश्यक असते. बहुतेक पालकांना वाटते की काळा रंग हा औषधाचा दुष्परिणाम आहे, कंपनीने जरा लक्ष घातले असते तर तो टाळता आला असता. वस्तुस्थिती निराळी आहे. कीड ज्यामुळे थांबते, त्याच रासायनिक क्रियेतून तो रंग येतो.

या औषधाचे नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. नावातच त्याचे तिन्ही घटक आले आहेत: चांदी, अमोनिया आणि फ्लोराइड.

मीठ, शाई आणि चांदी

चांदी ही लोह, तांबे, जस्त यांच्या शेजारची, संक्रमणी मूलद्रव्यांच्या कुळातील धातू. तिची फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन या चार भावंडांशी संयुगे होतात. चौघे भाऊ सारखेच वागतील अशी आपली अपेक्षा असते. पण पहिला भाऊ घरातील इतरांपेक्षा अगदीच वेगळा निघतो. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एक लिटर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम. सिल्व्हर ब्रोमाइड आणि सिल्व्हर आयोडाइड त्याहूनही कमी. आणि सिल्व्हर फ्लोराइड? तेवढ्याच पाण्यात सुमारे १ किलो ८०० ग्रॅम! फ्लोराइडचा आयन आकाराने अतिशय लहान असतो आणि पाण्याचे रेणू त्याला मोठ्या आवडीने वेढून घेतात. त्यामुळे चांदीला धरून ठेवण्यापेक्षा पाण्यात मोकळे होणे त्याला सोयीचे ठरते.

या विसंगतीवरच सगळा उपचार उभा आहे. फ्लोराइडच्या सोबतीने चांदी पाण्यात मोकळेपणाने वावरू शकते, किडलेल्या दाताच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याबरोबर शिरू शकते. आत शिरल्यावर मात्र तिला लाळेतील क्लोराइड भेटते, दातातील फॉस्फेट भेटते, जंतूंची आणि दातातील प्रथिने भेटतात. त्यांच्याशी तिची गाठ पडली की ती पुन्हा विरघळत नाही. शिरताना प्रवाही, शिरल्यावर स्थिर. औषधाकडून याहून अधिक काय मागावे?

आता काळ्या रंगाकडे वळू. आपण मतदान करून आलात की बोटावर जी खूण असते, ती आठवा. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. आपल्या देशात १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे. शाई लावताना ती जांभळट दिसते. थोड्या वेळाने, विशेषतः उन्हात आल्यावर, ती काळपट होते आणि साबणाने निघत नाही. त्वचेवरील मिठाशी चांदीचा संयोग होतो आणि प्रकाशाने त्यातील चांदीचे अतिसूक्ष्म कण मोकळे होतात. धातूचा पत्रा चकाकतो, पण त्याच धातूची अत्यंत बारीक पूड काळी दिसते. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतील काळा रंग हा असाच चांदीच्या कणांचा होता. मुलाच्या दातावरचा काळा डाग त्याच घराण्यातला आहे. दातातील फॉस्फेटशी संयोग होऊन प्रथम पिवळसर सिल्व्हर फॉस्फेट तयार होते आणि पुढे ते काळवंडत जाते.

देवघरातील चांदीचे निरंजन काळे पडते, ते मात्र हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. ती क्रिया वेगळी आहे. दोन्हींची गल्लत करू नये. आणि निरंजनासारखा दातही घासून पुन्हा पांढरा करता येईल, अशी आशाही ठेवू नये.

दातात नेमके काय घडते

दाताला 'कीड' लागते असे आपण म्हणतो. जत्रेत दातातून जिवंत किडा काढून दाखवणारे महाभाग पूर्वी असत. तो किडा त्यांच्याच हाती आधीपासून असे. खरे कारण साधे आहे. दातावरील चिकट थरात राहणारे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. दिवसातून अनेकदा असे घडते आणि लाळ बरीचशी हानी भरूनही काढते. मूल सतत काहीतरी गोड चघळत असेल, रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपत असेल, तर लाळेला ती उसंतच मिळत नाही. एनॅमल खचते, आतले मऊसर डेंटिन उघडे पडते. दुधाच्या दातांवरील एनॅमलचा थर पातळ असतो, त्यामुळे पुढची वाटचाल झपाट्याने होते.

अशा दातावर या औषधाचा थेंब पडला की दोन कामे सुरू होतात. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतील गंधकाच्या अणूंना घट्ट चिकटतात. त्यांची विकरे निकामी होतात आणि जंतू मरतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. चांदीने मारलेल्या जंतूंची कलेवरे त्यांनी त्याच जातीच्या जिवंत जंतूंमध्ये मिसळली, तर जिवंत जंतूही मरू लागले. मृत पेशींत साठलेली चांदी हळूहळू बाहेर पडत होती. प्रयोग प्रयोगशाळेतला होता आणि जंतूही दंतक्षयाचे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही चांदीचा प्रभाव दीर्घकाळ का टिकतो, याची कल्पना त्यावरून येते.

दुसरे काम फ्लोराइडचे. ते दातातील कॅल्शियमशी जोडले जाते आणि कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कण तयार होतात. पुढे आम्लाचा हल्ला झाला की त्या कणांतून फ्लोराइड सुटते आणि दाताच्या खनिजात जाऊन बसते. असे फ्लोराइडयुक्त खनिज पीएच ४.५ च्या आसपास येईपर्यंत तग धरते. ५.५ आणि ४.५ यांतील फरक दिसायला एकाचा आहे. आम्लतेच्या हिशेबात तो दहापटींचा आहे.

अमोनियाचे काम पडद्यामागचे. चांदीच्या प्रत्येक आयनाला अमोनियाचे दोन रेणू दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात, म्हणून द्रावण बाटलीत टिकते. ते आम्लारीधर्मी असते, पीएच दहाच्या आसपास. बाटली उघडताच नाकाला झोंबणारा वास येतो तो यामुळेच. (रसायनशास्त्राच्या काटेकोर नियमाने या इंग्रजी नावात दोन 'एम' हवेत. दंतवैद्यकात एकच रूढ झाला आणि रसायनशास्त्रज्ञांची कुरकुर आजही चालू आहे.)

चांदीचा हा उपयोग आजकालचा नव्हे. सिल्व्हर नायट्रेट किडलेल्या दातांवर लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातच होती. १९१७ मध्ये बोस्टनमधील पर्सी हाउ यांनी त्यात अमोनिया मिसळलेले द्रावण मांडले आणि ते त्यांच्याच नावाने पुढे अनेक वर्षे वापरात राहिले. त्यात फ्लोराइड नव्हते. चांदीला फ्लोराइडची जोड देण्याचे श्रेय जपानकडे जाते. ओसाका विद्यापीठात मिझुहो निशिनो आणि रेइइची यामागा यांनी १९६० च्या दशकात हे काम केले. १९७० मध्ये 'सॅफोराइड' या नावाने ते औषध जपानमध्ये मान्य झाले. अमेरिकेला मात्र जाग यायला २०१४ साल उजाडावे लागले. तेही दातांची संवेदनशीलता कमी करण्यापुरते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. भारतातही ते उपलब्ध आहे.

गुण किती येतो? हाँगकाँगमधील बालवाड्यांत ८८८ मुलांवर ३० महिने एक अभ्यास झाला. ज्यांना ३८ टक्के तीव्रतेचे द्रावण वर्षातून दोनदा लावले, त्यांच्या किडलेल्या पृष्ठभागांपैकी सुमारे ७६ टक्क्यांवर कीड थांबली. १२ टक्के तीव्रतेचे द्रावण वर्षातून एकदाच लावलेल्या गटात हे प्रमाण ५५ टक्के होते. याचा सरळ अर्थ असा, की तीव्रता महत्त्वाची, पुन्हा लावणे महत्त्वाचे, आणि इतके करूनही चारातील एका ठिकाणी कीड थांबत नाही. हे जे सांगत नाहीत त्यांच्यावर विश्वास ठेवताना जरा थांबा.

एक थेंब, आणि फ्लोराइडची भीती

आपल्याकडे फ्लोराइड या शब्दाची एक रास्त भीती आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे. दातांवर तपकिरी पट्टे उमटलेली मुले आणि वाकलेली हाडे घेऊन जगणारी वडीलधारी माणसे तिथल्या वाचकांनी पाहिली असतील. मग ज्या द्रावणात दशलक्ष भागांत सुमारे ४४,८०० भाग फ्लोराइड आहे, ते मुलाच्या तोंडात घालायचे?

हिशेब करून पाहू. औषधाचा एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा साधारण चाळिसावा भाग. त्यात फ्लोराइड असते सुमारे १.१ मिलिग्रॅम, आणि एवढ्या थेंबात चार-पाच दात होतात. ही मात्रा वर्षातून दोनदा, आणि तीही बरीचशी दातातच अडकून राहणारी. याउलट ज्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, ते पाणी रोज एक लिटर पिणाऱ्या मुलाच्या पोटात दररोज ३ मिलिग्रॅम जाते, वर्षानुवर्षे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. फ्लोरोसिस होतो तो या रोजच्या सेवनाने. आपण अशा भागात राहत असाल तर पाण्याची तपासणी करून घेणे हे कोणत्याही दंतोपचाराहून निकडीचे आहे. दोन्ही फ्लोराइड एकच; मात्रा आणि वारंवारता वेगळी.

चांदीबद्दल थोडे. दंतवैद्याने मोजून लावलेला थेंब वेगळा आणि 'रोगप्रतिकारशक्तीसाठी' म्हणून रोज पिण्याचे चांदीचे पाणी वेगळे. चांदीयुक्त द्रावणे दीर्घकाळ पोटात घेतल्याने त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. घरी बाटली आणून स्वतःच दातांना लावण्याचा मोह तर अजिबात नको.

लावण्याची रीत पाहून अनेक पालकांना 'एवढेच?' असे वाटते. ओठांवर आणि हिरड्यांवर व्हॅसलिन लावतात, कापसाच्या गुंडाळ्यांनी दात कोरडा ठेवतात, बारीक ब्रशच्या टोकाने द्रावण किडलेल्या जागी लावतात आणि साधारण मिनिटभर तसेच राहू देतात. तोंडात काही वेळ कडवट, धातूसारखी चव राहते. गालाला किंवा बोटाला चुकून लागले तर तपकिरी डाग पडतो. मतदानाच्या खुणेप्रमाणेच तो एक-दोन आठवड्यांत त्वचेबरोबर निघून जातो. कपड्यावरचा डाग मात्र जात नाही. मुलाला नवा सदरा घालून आणू नका.

चांदीची ॲलर्जी असेल, तोंडात जखमा वा व्रण असतील तर हे औषध लावत नाहीत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दात रात्री आपोआप ठणकत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, गालावर सूज असेल, तर कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली असते. तेथे हा थेंब उपयोगाचा नाही. तेव्हा नसेचा उपचार, दात काढणे किंवा भूल देऊन करायची शस्त्रक्रिया यांनाच पर्याय नसतो, आणि त्यासाठी भूल देण्याचा सल्ला मिळाला तर घाबरून 'तो काळा थेंबच लावा' असा आग्रह धरू नये.

आजीच्या प्रश्नाकडे

काळ्या दातांविषयीची आपली अढी तशी जुनी नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्याच घरांतील सुवासिनी दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत. हिरडा, मायफळ यांसारखी तुरट द्रव्ये आणि लोहाचे क्षार यांच्या संयोगातून तो रंग येई. जपानमध्येही लोह आणि तुरट द्रव्ये यांनीच दात काळे करण्याची चाल होती. काळे दात हे तेव्हा प्रतिष्ठेचे लक्षण होते. हे सांगितल्यावर एक आजी हसून म्हणाल्या होत्या, "आमच्या आत्याबाईंचे होते तसे. पण त्यांना शाळेत जायचे नव्हते." त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटला. वर्गातील मुले चिडवतात, आणि चार वर्षांच्या मुलालाही ते कळते.

म्हणून मी पालकांपुढे वयाचा हिशेब मांडते. वरचे पुढचे दुधाचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत प्रश्न दोन-तीन वर्षांचा आहे. दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात; कायमच्या दातांची जागा त्या राखून ठेवतात आणि अन्न चावण्याचे काम त्यांचेच. त्या अवेळी गेल्या तर पुढचे दात वेडेवाकडे येण्याची शक्यता वाढते. आणि दाढा हसताना फारशा दिसत नाहीत. काही पालक दाढांना हा थेंब लावून घेतात आणि पुढच्या दातांसाठी वेगळा विचार करतात. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. काळा झालेला दात नंतर मूल थोडे मोठे झाल्यावर, खुर्चीवर शांत बसू लागल्यावर, पांढऱ्या सिमेंटने झाकताही येतो.

थेंबानंतर लगेच पोटॅशियम आयोडाइड लावून काळेपणा कमी करण्याची एक युक्ती आहे. मोकळी उरलेली चांदी त्यामुळे फिकट पिवळसर सिल्व्हर आयोडाइडच्या रूपात बसते. पण सिल्व्हर आयोडाइडही प्रकाशाला संवेदनशील आहे. सुरुवातीला उजळ दिसलेला दात काही महिन्यांनी पुन्हा गडद होताना आढळतो, तेव्हा या युक्तीवर फार भिस्त ठेवू नका. थायरॉइडचा आजार असणाऱ्यांत आणि गर्भवतींमध्ये आयोडाइड टाळतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही थेंबाच्या हाती नाही. रात्रीची बाटली, दर तासाला मिळणारे बिस्कीट आणि न घासलेले दात चालूच राहिले, तर थांबलेली कीड शेजारच्या दातात नव्याने सुरू होते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. फ्लोराइडचे प्रमाण नळीवर छापलेले असते, आपल्या देशात ते १,००० पीपीएमपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. ब्रश मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. सहा-सात वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्या माणसानेच फिरवावा, आणि झोपण्यापूर्वीची वेळ चुकवू नये.

उपचारानंतर दोन ते चार आठवड्यांनी डॉक्टर दात पुन्हा पाहतात. त्या वेळी आपणही पुढे होऊन बघा. थांबलेली कीड काळी, चकचकीत आणि कठीण असते. टोकदार उपकरण तिच्यावरून घसरते. चालू असलेली कीड तपकिरी-पिवळसर, निस्तेज आणि मऊ असते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी हीच तपासणी आणि गरजेप्रमाणे पुन्हा एक थेंब. मधल्या काळात दात घासताना काळ्या डागाच्या कडेला नवी तपकिरी रेघ दिसली, किंवा मूल थंड पाणी पिताना एका बाजूने तोंड चुकवू लागले, तर सहा महिने पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवून घ्यावे.